खंडेनवमीचे प्रक्षालन

आसनवली खोऱ्यातील संशोधनशाळेत त्या कार्तिक महिन्यात सातव्यांदा उत्प्रेरक तयार झाला, आणि सातव्यांदा तो निर्जीव निघाला.

परीक्षा साधी होती. चंचुपात्रात पाणी, पाण्यात खोऱ्यातील विहिरींतून वेगळे काढलेले विष, त्यात नव्या उत्प्रेरकाची चिमूटभर राळ, आणि कडेला फ्लोराइड मोजणारी काचेची कांडी. विषाचा रेणू फुटला की त्यातून फ्लोराइड सुटते आणि पडद्यावरचा आकडा चढू लागतो. अर्धा तास लोटला तरी आकडा शून्य पूर्णांक दोनवरच होता. तेवढे तर नुसत्या पाण्यातच असते.

"बंद करू, मॅडम?" इम्रान मुकादमने विचारले. तो तेथील तरुण संशोधक. चार वर्षे याच एका कामात गुंतलेला.

"पाच मिनिटं राहू दे."

पाच मिनिटांनी डॉ. वसुधा खांबेटे यांनी स्वतःच बटण दाबले. त्यांच्या मागे, हातात धुण्याचे चंबू घेऊन, एकनाथ वडके उभा होता. काचसामान धुणे, सुकवणे आणि वेळेला हाती देणे हे त्याचे काम. उत्प्रेरक चालतो की नाही हे पाहत उभे राहण्याचे त्याला कारण नव्हते. परंतु ज्या अकरा रुग्णांच्या रक्तावर हा प्रयोग चालू होता, त्यांत त्याची पत्नी होती.

खोऱ्याची कथा थोडक्यात अशी. न चिकटणारी भांडी आणि आग विझवणारा फेस यांसाठी लागणारी रसायने बनवणारा एक कारखाना तेथे पंचवीस वर्षे चालला व बंद पडला. यंत्रे भंगारात गेली, नावाची पाटी गेली. सांडपाणी मात्र जमिनीत मुरले होते, ते विहिरींत उतरले आणि तेथून माणसांच्या रक्तात. त्या रसायनाचा कणा कार्बनाचा, आणि कण्याला सर्व बाजूंनी फ्लोरिनचे अणू जडलेले. कार्बनाचे इतर अणूंशी जे एकेरी बंध होतात, त्यांत फ्लोरिनशी होणारा बंध सर्वांत बळकट. सूर्यप्रकाश तो तोडीत नाही, जंतू तोडीत नाहीत, यकृत तर नाहीच नाही. शरीराला जे तोडता येत नाही ते शरीर साठवीत जाते, आणि साठवता साठवता स्वतः झिजते.

असा बंध तोडायचा कसा? रसायनशास्त्राचे उत्तर विलक्षण सौम्य आहे. बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून सांभाळलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. परंतु प्रत्येक बंधात एक रिती जागाही असते, आणि तिच्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन आला की बंध सैलावतो. योग्य धातूचा अणू जवळ येतो आणि आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन त्या रित्या जागेत ठेवू लागतो. बंध लांबतो, दुबळा होतो. मग धातू स्वतःच मध्ये शिरतो, एका हाती कार्बन आणि दुसऱ्या हाती फ्लोरिन धरून. कार्बनाला तो हायड्रोजन मिळवून देतो, फ्लोरिनला पाण्यात सोडतो, आणि पूर्वी होता तसा मोकळा होऊन पुढच्या बंधाकडे वळतो. त्याने काही जाळले नाही, काही ठेचले नाही. मात्र धातूचे अणू मोकळे सोडले तर ते एकमेकांना चिकटून निरुपयोगी भुकटी होते. म्हणून प्रत्येक अणूला तीन बाजूंनी धरून ठेवणारा कार्बनी रेणू त्याच्याभोवती बांधावा लागतो. रसायनज्ञ त्याला चिमटा म्हणतात. एकनाथ तांबटाच्या घरातला. चिमटा हा शब्द पहिल्यांदा कानी पडला तेव्हा त्याला सारे शास्त्र एकदम आपले वाटले होते.

दुर्मिळ धातू अशी कामे करतात हे जगाला ठाऊक होते. डॉ. खांबेटे यांनी ते साध्या लोहाकडून करवून घेतले, ही त्यांची कीर्ती. लोहाचा उत्प्रेरक राळेच्या दाण्यांवर बसवून, ती राळ काचेच्या नळीत भरून, त्या नळीतून रुग्णाचे रक्त फिरवायचे. दर वीस दिवसांनी एक नलिका. अकरा रुग्णांचे यकृत सावरू लागले होते. खोऱ्यातील आणखी चार हजार जणांना नलिका देण्याचा सरकारी निर्णय स्वाक्षरीपर्यंत आला होता. आणि दसऱ्यानंतर अकस्मात, तीच कृती, तेच हात, तेच लोह असूनही एकही नवा उत्प्रेरक जिवंत झाला नाही. जुना साठा पाळीपाळीने संपत गेला. आता रुग्णालयाच्या शीतकपाटात एकच जुनी नलिका उरली होती. पाळीप्रमाणे ती येत्या गुरुवारी वृषाली एकनाथ वडके हिला लागायची होती. त्यानंतर कोणालाच काही नव्हते.

वृषाली संस्थेच्या दोन खोल्यांच्या घरात ओट्याजवळ बसून मोड आलेल्या वालाची बिरडी सोलत होती. मध्येच उलथण्याच्या दांड्याने पाठ खाजवीत होती. यकृत थकले की अंगाला अशी खाज सुटते.

"आज किती?" तिने विचारले.

"शून्य पूर्णांक दोन."

"मागच्या वेळी होता तेवढाच. निदान उतरत तरी नाही."

एकनाथने चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

"मॅडम जेवल्या का?"

"डबा तसाच होता."

"मग उद्या माझं बिरडं न्या. आजारी मी, आणि उपाशी त्या." तिने परात त्याच्याकडे सरकवली. "सोला. हात रिकामे राहिले की तुमचं तोंड बघवत नाही."

तो सोलू लागला. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याने वीस वर्षे काढली होती. त्या वीस वर्षांत वृषालीने आसनवलीत सासू सांभाळली आणि विहिरीचे पाणी शेंदले. तो शनिवारी येई, रविवारी जाई. पुण्याच्या नळाचे पाणी तो प्याला, विहिरीचे ती. हा हिशेब तिने कधीही काढला नव्हता. म्हणूनच तो त्याला विसरता येत नव्हता.

"गुरुवारनंतर काय?" तिने मान वर न करता विचारले.

"तोवर मॅडम काहीतरी काढतील."

"तुम्हाला खोटं बोलायला कुणी शिकवलंच नाही," ती म्हणाली. "किती वाईट बोलता."

शनिवारी सकाळी डॉ. खांबेटे यांनी फळ्यावर लिहिले: दसऱ्यापासून काय बदलले? खाली त्या एकेक गोष्ट मांडीत व खोडीत गेल्या. लोहाचा क्षार जुन्याच बाटलीतला. द्रावक नवे होते. जुने आणून पाहिले, फरक नाही. नायट्रोजनची टाकी, विजेचा दाब, हवेतील ओल, सारे तपासले.

"माझी दाढी," इम्रान म्हणाला. "दसऱ्यानंतर वाढवलीय."

"काढून ये, तेही बघू." त्या हसल्या नाहीत. मग वळून त्यांनी विचारले, "एकनाथराव, तुमच्याकडे काही बदललं?"

"नाही मॅडम. उलट सगळं आरशासारखं आहे. खंडेनवमीला एकूणएक घासलंय."

हे त्याने अभिमानाने सांगितले होते. खंडेनवमीला हत्यारे उजळून पुजायची, हा त्याच्या घरातला पिढ्यांचा आचार. बाप हातोडे, ऐरण आणि सांडशी चिंच-राखेने घासून पाटावर मांडी. मळलेले हत्यार पूजेला ठेवणे म्हणजे त्याचा अवमान, असे तो म्हणे. संशोधनशाळेत एकनाथने तोच आचार काचेला लावला होता. या वर्षी वृषालीला उतार पडत होता. म्हणून कृतज्ञतेपोटी त्याने चार दिवस आधीच सारे सामान काढले आणि जे वर्षानुवर्षे नुसते साबणाने धुतले जाई, तेही आम्लराजात भिजवले. आम्लराज म्हणजे दोन तीव्र आम्लांचे मिश्रण. सोनेसुद्धा त्यात विरघळते. झेंडूची माळ वृषालीने घरून करून दिली होती.

तो परत मोरीकडे गेला. चंबू उचलला, ठेवला. मग त्याने खण उघडला.

द्रावण ढवळण्यासाठी चंबूत एक लहानसा चुंबक सोडतात. त्याला पांढऱ्या, न चिकटणाऱ्या प्लॅस्टिकचे कवच असते, आणि खाली फिरणाऱ्या दुसऱ्या चुंबकाच्या ओढीने तो गरगरतो. प्रयोगशाळेत त्याला बीड म्हणतात. उत्प्रेरकाचा मोठा घाणा नेहमी एकाच मोठ्या चंबूत आणि एकाच अंड्याएवढ्या बीडने होई. बीड पुण्याहून आलेला, जुना. एकदा त्याने यश आले, म्हणून पुढे कोणी तो बदलला नाही. प्रयोगशाळाही अशा श्रद्धा पाळतात. त्याच्या पोटावर काळपट चिरा होत्या. लहान चंबूत, लहान बीडने हा उत्प्रेरक कधीच साधत नसे. ओल शिरली असेल, असे सारे म्हणत आणि पुन्हा मोठा चंबू काढीत.

एकनाथने तो बीड तळहातावर घेतला. तो आता शुभ्र होता. चिरा होत्या, पण काळेपणा गेला होता.

पुण्याला वीस वर्षे तो बीड अनेक धातूंच्या द्रावणांत फिरला होता. तांबटाच्या मुलाला सांधीत बसलेला धातू ओळखू येतो. तो मळ नव्हता. कोणतातरी धातू त्या चिरांत दडून होता, प्रत्येक घाण्यात कणाकणाने झिरपत होता, आणि बंध तोडण्याचे काम तोच करीत होता. चिमट्यात बसलेले लोह कदाचित नुसते सोबतीला होते. आणि एकनाथने तो धातू धुऊन, हळदकुंकू वाहून, काढून टाकला होता.

त्याच क्षणी त्याने जाऊन सांगायला हवे होते. तो गेला नाही. नुसती चूक घेऊन जाण्यापेक्षा तिच्यासह उपायही घेऊन जावा, असे त्याच्या मनाने घेतले. धुतलेले आम्ल चुन्याने शमवून त्याने एका पिंपात भरले होते. दसऱ्याला प्रयोगशाळा निर्मळ हवी म्हणून ते पिंप अष्टमीला घाई करून टाकाऊ रसायनांच्या गाडीवर चढवले होते. ते परत मिळाले तर धातू मिळेल. रविवारी तो पन्नास किलोमीटरवरच्या त्या आगारात गेला. रखवालदाराने वही उघडून दाखवली.

"अश्विनातलं पिंप आता कुठलं, काका? त्याची राखसुद्धा सिमेंटात गेली."

"सगळी?"

"काय सोनं होतं का त्यात?"

एकनाथ म्हणाला, "असंच काहीतरी."

सोमवारी सकाळी त्याने बीड डॉ. खांबेटे यांच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सर्व सांगितले. पिंपाचेही सांगितले.

बराच वेळ त्यांनी बीडला हात लावला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

इम्रान कपाटातून अहवाल काढून आणीत होता. "पण मॅडम, वापरलेल्या नलिका आपण तपासल्यात. लोहाशिवाय काही नाही त्यांत."

"वापरलेल्या. त्यांतला धातू रक्ताबरोबर वाहून गेलेला असणार. म्हणून तर प्रत्येक नलिका वीस दिवसांत मरते. आपण म्हणायचो, लोह थकलं." त्यांनी चष्मा काढला. "न वापरलेली कधी तपासली?"

इम्रानने अहवाल मिटला.

"मी लोह घातलं होतं, म्हणून लोहच शोधलं. सात वर्षं. एकनाथराव, तुम्ही एक बीड धुतलात. मी डोळे धुतले नाहीत. बसा तुम्ही. उभे राहू नका असे माझ्यासमोर."

दुपारपर्यंत त्यांनी कपाटात असलेले दोन दुर्मिळ धातू, चिमटा न बांधता घाईच्या परीक्षेपुरते, लोहात मिसळून पाहिले. आकडा हलला नाही. आणखी तीन शक्य होते; त्यांपैकी एक असेल, दोन मिळून असतील, किती आणि कोणत्या रूपात, हे ठाऊक नव्हते. आंधळ्याने चाचपडावे तसे चाचपडले तर वर्षही लागेल. खात्रीचे ठिकाण एकच होते: रुग्णालयातील ती शेवटची नलिका. तिच्यातून चिमूटभर राळ काढून यंत्रात घातली, तर आकडे इतके क्षीण आले की ते धातूचे की हवेतल्या धुळीचे हे सांगता येईना. सारी नलिका जाळून, तिची राख एका थेंबात आटवली, तरच उत्तर मिळणार होते.

"ती नलिका वृषालीताईंची आहे," डॉ. खांबेटे म्हणाल्या. "मी मागणार नाही. तुम्हीही मन वळवू नका. फक्त सांगा त्यांना."

संध्याकाळी त्याने तिला सारे सांगितले. ती पलंगावर बसून ऐकत होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिकल्या लिंबासारखा झाला होता.

"माळ मी केली होती," ती म्हणाली.

"तुझा काय संबंध त्यात?"

"चाळीस फुलांची. मोजून. तुम्ही म्हणालात, चाळीस बीड आहेत." मग ती थांबली. "शनिवारी कळलं, आणि मला आज सांगताय? मॅडमना आधी?"

"मला वाटलं, पिंप मिळेल."

"रविवारी म्हणालात, बँकेच्या कामाला जातो."

त्याने मान खाली घातली.

"आता काय हवंय तुम्हाला? माझी नळी?"

"मला काही नकोय. मॅडमनी फक्त सांगायला सांगितलं."

"मग ऐका. नाही." तिचा स्वर चढला नाही. "माझी आहे ती. वीस दिवस आहेत तिच्यात. एकावन्नावं चालू आहे मला, पोरीचं बाळंतपण व्हायचंय फाल्गुनात. मला जगायचंय. दुसऱ्या कुणाची जाळा."

"दुसरी नाहीच आहे."

"ते माझं पाप नाही."

"नाही," एकनाथ म्हणाला. "नाहीच."

त्याने जाऊन डॉ. खांबेटे यांना तसे कळवले. त्यांनी एवढेच म्हटले, "ठीक आहे. गुरुवारी लावा." घरी परतताना आपल्याला सुटल्यासारखे वाटते आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली नाही. तिला वीस दिवस मिळणार होते. त्यांच्या पलीकडे पाहायची त्याची इच्छा नव्हती.

मंगळवारी दुपारी जनार्दन साळवी आला. तो रिक्षावाला, अकरांतलाच एक. त्याची पाळी चार दिवसांवर आली होती, आणि त्याच्यासाठी नलिका उरली नव्हती. धुण्याच्या गोंधळाचे वा जाळण्याच्या प्रस्तावाचे त्याला काहीच ठाऊक नव्हते. दारातूनच तो बोलत आला.

"वहिनी, शहाळी आणलीत. डॉक्टर म्हणतो पाणी पी, बायको म्हणते या गावचं नको. म्हटलं, झाडावरचं तरी चालेल."

"बसा. रिक्षा कोण चालवतं?"

"उभी आहे. काल वळणावर डोळ्यांपुढे पिवळं पिवळं झालं. प्रवासी म्हणाला, साळवी, सिग्नल कुठाय? म्हटलं, माझ्या डोळ्यांत." तो हसला, मग दम लागून थांबला. "एकनाथदादा, नव्या नळ्या कधी येतात? खरं सांगा. धाकटीच्या दहावीचा फॉर्म भरायचाय. तेवढं मार्चपर्यंत ढकला मला."

एकनाथने वृषालीकडे पाहिले नाही. ठरवून पाहिले नाही.

"कामाला लागलेत," तो म्हणाला.

"लागू देत. घाई नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण घाई आहे." साळवीने शहाळी कोपऱ्यात ठेवली. उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला. हातांच्या शिरा निळ्या आणि बोटे सुजलेली. चपला शोधायला त्याला वेळ लागला.

तो गेल्यावर वृषाली उशीला टेकून बसली. बाहेर रिक्षा एकदा सुरू होऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि आवाज उतारावरून खाली गेला.

"जाळा," ती म्हणाली.

"वृषाली..."

"आणि मला परत विचारू नका. विचाराल तर नाही म्हणेन." तिने भिंतीकडे तोंड केले. "आत्ता जा. मॅडम घरी जायच्या आधी."

तो उभा राहिला, आणि ज्यासाठी पुढे आयुष्यभर त्याला स्वतःला क्षमा करता आली नाही ते त्याने केले: त्याने परत विचारले नाही. चपला घातल्या आणि गेला.

बुधवारी नलिका फोडली गेली. राख धरायची मूस निष्कलंक हवी होती. आदल्या कोणत्याही धातूचा एक कण राहिला असता तर उत्तर खोटे आले असते. ती धुण्याचे काम इम्रान करू लागला. मूस दोनदा त्याच्या बोटांतून निसटता निसटता राहिली.

"द्या इकडे," एकनाथ म्हणाला. "हे मला येतं."

त्याने मूस तीनदा आम्लराजात बुडवली, तीनदा शुद्ध पाण्याने धुतली आणि भट्टीत ठेवली. राळ आधी तपकिरी झाली, मग काळी, मग राखाडी. इम्रान घड्याळ पाहत होता. डॉ. खांबेटे सरकारला पत्र लिहीत होत्या: लोहाविषयीचा आमचा निष्कर्ष चुकीचा होता, तो मी मागे घेते. राखेचे उत्तर येण्यापूर्वीच त्यांनी ते धाडले.

गुरुवारी उत्तर आले. ऱ्होडियम. पृथ्वीवरील अत्यंत विरळ धातूंपैकी एक; पण लोहाच्या दहा हजार अणूंमागे त्याचा एक अणू पुरत होता. इम्रान पुण्याला गेला आणि शुक्रवारी चिमूटभर लाल क्षार छोट्या कुपीत घेऊन परतला. चिमटा बांधायला दोन दिवस, राळेवर बसवायला दोन, निर्जंतुक करायला एक. हे दिवस कोणालाही तोकडे करता येत नव्हते; रेणू आपल्या गतीने जुळतात. मंगळवारी चंचुपात्रात आकडा शून्य पूर्णांक दोनवरून उठला, एकावर गेला, चारावर गेला. इम्रान खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. डॉ. खांबेटे एकनाथकडे वळल्या, पण तो तेथे नव्हता. तो रुग्णालयात होता.

वृषालीला सोमवारी संध्याकाळपासून ग्लानी येत होती. यकृत जे गाळू शकत नव्हते ते मेंदूपर्यंत पोहोचले होते. मधूनच ती डोळे उघडी आणि विचारी, "शनिवार आहे ना? आलात का?" एकनाथ म्हणे, "आलोय."

बुधवारी सकाळी पहिली नलिका तयार झाली. दुसरीला आणखी तीन दिवस होते. संशोधनशाळेतून रुग्णालयापर्यंत नलिका नेण्याचे काम एकनाथचेच होते. ते त्याने दुसऱ्या कोणाला दिले नाही. बर्फाची पेटी छातीशी धरून तो आत आला तेव्हा डॉक्टर ओसरीवर थांबले होते.

"वडके, मी तुमच्याशी स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "रक्त बाहेर फिरवायला जेवढा दाब लागतो, तेवढा वृषालीताईंचा आता टिकत नाही. नलिका लावली तर त्या अर्ध्या तासात जातील, आणि नलिकाही जाईल. साळवींचा टिकतोय."

"सोमवारी आली असती तर?"

"सोमवारी सकाळी लावली असती."

दोन दिवस. एकनाथला ते मोजावे लागले नाहीत. एक शनिवार, एक रविवार.

"साळवी कुठल्या खोलीत?"

"पाच."

पाच नंबरच्या खोलीकडे जाताना तीन नंबरची लागत होती. तिचे दार उघडे होते. तो उंबऱ्यापाशी थांबला. वृषालीचे डोळे अर्धवट उघडे होते. ती त्याच्या हातातील पेटीकडे पाहत होती, किंवा पेटीमागच्या भिंतीकडे.

"झाली का तयार?" तिने विचारले. शब्द जड होते, पण सरळ होते.

"झाली."

"चालते?"

"चालते."

तिने पापण्या मिटल्या. तो वाट पाहत राहिला. ती आणखी काही मागेल, एकदा नाही म्हणेल, शिवी देईल. तिने म्हटले, "मग उभे काय राहिलात? बर्फ वितळेल."

साळवी पाचव्या खोलीत पडून होता. नळ्या जोडून झाल्यावर रक्त काचेतून जाऊ लागले. राळेचे फिकट दाणे हळूहळू लाल झाले. परतीच्या नळीवर लावलेल्या कांडीचा आकडा प्रथम थरथरला, मग चढू लागला.

"दादा," साळवीने विचारले, "वहिनींना लावली?"

"तू बोलू नकोस. दाब वाढतो."

"लावली ना?"

"नाही," एकनाथ म्हणाला. "दाब टिकत नाही तिचा."

साळवीचा मोकळा हात नळीकडे गेला. एकनाथने तो मनगटाजवळ धरला आणि खाली ठेवला. तांबटाच्या घरातली पकड होती, सुटली नाही.

"ती तुझीच आहे," तो म्हणाला. "तिनं दिलीय. ओढलीस तर बघ."

अर्ध्या तासाने परिचारिका बसायला आली, तेव्हा तो तीन नंबरच्या खोलीत गेला. पडदा ओढलेला होता. वृषालीचा श्वास लांबलांब अंतराने येत होता. त्याने स्टूल पलंगाजवळ घेतले आणि तिच्या पिवळ्या तळहातावर आपला हात ठेवला.

"सहापर्यंत गेलाय आकडा," त्याने सांगितले. "साळवीला घाम आलाय, पण चांगला आहे. मॅडम येतायत. इम्राननं दाढी काढली."

तिच्या पापण्या हलल्या नाहीत.

"वृषाली, मी आलोय."

पलीकडच्या खोलीतून परिचारिकेने हाक मारली; राळेत हवेचा बुडबुडा दिसत होता. एकनाथ उठला. तिच्या अंगावरची चादर त्याने गळ्यापर्यंत ओढली आणि नळी तपासायला पाच नंबरकडे गेला.